वर्गसमीकरणाचा इतिहास

वर्गसमीकरण : ज्या समीकरणात अज्ञात राशीचा वर्ग येतो, पण त्याहून वरचा घात येत नाही, त्यास वर्गसमीकरण किंवा द्विघाती समीकरण म्हणतात. अ, ब, क या ज्ञात संख्या असून अ शून्य नसेल, तर त्याचे सर्वसाधारण रूप अक्ष² + बक्ष + क = ० असे असते. त्याची दोन मुळे (उत्तरे) क्ष = [−ब ± √(ब² − ४अक)] ÷ २अ या सूत्राने मिळतात. माध्यमिक शाळेतील विद्यार्थी हे सूत्र एका तासात शिकतो. सूत्रातील निरनिराळ्या क्रिया, म्हणजे मधल्या पदाच्या गुणकाचा अर्धा करणे, त्याचा वर्ग मिळविणे व वर्गमूळ काढणे, या इ. स. पू. सु. १८०० च्या सुमारासच ज्ञात होत्या. परंतु त्यातील ± या चिन्हाने सूचित होणारी दोन्ही उत्तरे कोणतीही अट न घालता मान्य होण्यास इ. स. एकोणिसावे शतक उजाडावे लागले. त्यामुळे वर्गसमीकरणाचा इतिहास हा रीतीच्या शोधाचा इतिहास फारसा नाही; गणिताने आलेली कोणती संख्या उत्तर म्हणून पत्करावयाची, या प्रश्नाचा तो इतिहास आहे.

बॅबिलोनिया, ईजिप्त व ग्रीस : या विषयावरील सर्वांत जुने सविस्तर लेखन मेसोपोटेमियातील मातीच्या इष्टिकांवर क्यूनिफॉर्म लिपीत आढळते. ब्रिटिश म्यूझीयममधील १३९०१ क्रमांकाची इष्टिका या दृष्टीने विशेष प्रसिद्ध असून तीवर चौरसांविषयीची २४ उदाहरणे आहेत. पहिल्या उदाहरणात चौरसाचे क्षेत्रफळ व त्याची बाजू यांची बेरीज ३/४ दिली असून बाजू विचारली आहे. कृती पुढीलप्रमाणे आहे : १ घ्या, त्याचे दोन भाग करा, अर्ध्यास अर्ध्याने गुणा, आलेले १/४ हे ३/४ मध्ये मिळवा, १ होतो, त्याचे मूळ १, त्यातून गुणलेला अर्धा वजा करा, १/२ ही बाजू. इष्टिकेवर हे अपूर्णांक षष्टिमान पद्धतीने लिहिले आहेत, म्हणजे ३/४ च्या जागी ४५ (साठांश) व १/४ च्या जागी १५. आजच्या भाषेत क्ष² + क्ष = ३/४ हे समीकरण पूर्ण वर्ग करून सोडविले आहे. येल विद्यापीठाच्या संग्रहातील दुसऱ्या एका इष्टिकेवर ज्यांचा गुणाकार ६० व वजाबाकी ७ आहे, अशा दोन संख्या याच मार्गाने १२ व ५ अशा काढल्या आहेत.

ऑटो नॉयगेबाउअर व फ्रांस्वा त्यूरो-दांझँ यांनी १९३० नंतरच्या दशकात या इष्टिकांचे वाचन प्रसिद्ध केले, तेव्हा बॅबिलोनियन लोकांना बीजगणित अवगत होते असा निष्कर्ष काढण्यात आला. पुढे डॅनिश संशोधक येन्स हॉयरप यांनी मूळ अकेडियन शब्दांचा बारकाईने अभ्यास करून असे दाखविले की, ‘तोडणे’, ‘जोडणे’, ‘आत धरविणे’ हे शब्द केवळ आकडेमोडीचे नसून प्रत्यक्ष आकृतीवरील क्रियांचे आहेत. चौरसाला बाजूइतक्या लांबीची व १ रुंदीची पट्टी जोडावयाची, ती उभी अर्धी कापून एक तुकडा खाली लावावयाचा, कोपऱ्यात उरलेली चौकोनी खाच भरून मोठा चौरस पुरा करावयाचा, अशी ही रीत आहे. ‘पूर्ण वर्ग करणे’ हा शब्दप्रयोग तेथे अक्षरशः खरा आहे. अर्थात लांबी ऋण असू शकत नसल्याने ऋण उत्तराचा प्रश्नच या लेखकांपुढे आला नाही.

ईजिप्तमधील पपायरसांत या प्रकारची उदाहरणे थोडी व सोपी आहेत. ग्रीकांनी क्षेत्रे लावण्याच्या भूमितीय रचनांना तर्कशुद्ध सिद्धतेची जोड दिली, यूक्लिड (इ. स. पू. सु. ३००) यांच्या मूलतत्त्वे या ग्रंथाच्या दुसऱ्या व सहाव्या खंडांतील काही प्रमेये वर्गसमीकरणांच्या निर्वाहाशी तुल्य आहेत. अलेक्झांड्रियाचे डायोफँटस (इ. स. तिसरे शतक) यांनी भूमिती सोडून संख्यांवर काम केले व अज्ञातासाठी खुणा वापरल्या. परंतु ४क्ष + २० = ४ यासारखे समीकरण आले की, ते त्यास असंगत म्हणून टाकून देतात आणि वर्गसमीकरणाची दोन्ही मुळे धन असली, तरी ते एकच देतात.

भारतीय गणित : आर्यभट (जन्म ४७६) यांच्या आर्यभटीय (४९९) या ग्रंथात वर्गसमीकरणाचे स्वतंत्र विवेचन नाही. तथापि श्रेढीची बेरीज दिली असता पदांची संख्या काढण्याचा आणि व्याजाचा असे त्यात दोन नियम आहेत व ते वर्गसमीकरण सोडविल्याखेरीज मिळू शकत नाहीत. व्याजाच्या नियमावर भाष्यकार पहिले भास्कर यांनी ६२९ मध्ये उदाहरण दिले आहे. शंभराचे एका महिन्याचे व्याज माहीत नाही. ते व्याज त्याच दराने चार महिने पुन्हा व्याजी लावले, तेव्हा व्याज व व्याजावरील व्याज मिळून ६ झाले, तर शंभराचे मासिक व्याज किती? येथे ४क्ष² + १००क्ष = ६०० असे समीकरण होऊन उत्तर ५ येते. यज्ञवेदीच्या मापाइतकाच सावकाराचा हिशेबही या गणिताच्या मुळाशी होता, हे यावरून दिसते.

ब्रह्मगुप्त (५९८–सु. ६६८) यांनी भिल्लमाल (आजचे राजस्थानातील भीनमाळ) येथे राहून ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धांत रचला. त्याच्या कुट्टकाध्यायात धन, ऋण व शून्य यांच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम प्रथमच सलग दिलेले आढळतात. धन संख्येस धन (संपत्ती) व वजा संख्येस ऋण (कर्ज) ही नावे भारतीय गणितात रूढ होती आणि मराठीत ती आजही तशीच चालू आहेत. यानंतर वर्गसमीकरणाचा नियम येतो. अक्ष² + बक्ष = क असल्यास क ला ४अ ने गुणून त्यात ब² मिळवावा, त्याच्या वर्गमुळातून ब वजा करून २अ ने भागावे. मधले पद नाहीसे करावयाचे म्हणून या कृतीस भारतीय गणितात ‘मध्यमाहरण’ हे नाव पडले. ब्रह्मगुप्तांच्या नियमाचे महत्त्व असे की, गुणक धन असो वा ऋण, नियम एकच राहतो. ही व्यापकता पुढे अनेक शतके इतरत्र साधली नाही. मात्र नियमातून त्यांनी एकच मूळ दिले आहे.

राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, सु. ८५० मध्ये, जैन गणिती महावीर यांनी गणितसारसंग्रह लिहिला. त्यातील उंटांचे उदाहरण साधे असले तरी बोलके आहे. कळपाचा चौथा भाग रानात दिसला, कळपाच्या वर्गमुळाची दुप्पट डोंगराच्या उतारावर गेली आणि उरलेले १५ उंट नदीकाठी राहिले. येथे वर्गमूळ हेच अज्ञात मानून उत्तर ३६ मिळते. ऋण राशी स्वभावतःच कोणाचा वर्ग नसल्यामुळे तिला वर्गमूळ नाही, असेही महावीर यांनी स्पष्टपणे नमूद केले आहे. पुढील सातशे वर्षे या विधानास कोणी हरकत घेतल्याचे दिसत नाही.

शाळेतून आज शिकविली जाणारी अपूर्णांक टाळणारी रीत श्रीधर यांच्या नावावर आहे. श्रीधरांचे पाटीगणित व त्रिशतिका हे अंकगणितावरील ग्रंथ उपलब्ध आहेत. बीजगणितावरील ग्रंथ मात्र लुप्त झाला आहे. वर्गसमीकरणाचा त्यांचा नियम टिकला, तो भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात त्यांच्या नावानिशी उद्धृत केल्यामुळे. नियम असा : दोन्ही बाजूंस वर्गाच्या गुणकाच्या चौपटीने गुणावे, मग मूळच्या अव्यक्ताच्या गुणकाचा वर्ग दोन्ही बाजूंत मिळवावा, म्हणजे एका बाजूस पूर्ण वर्ग तयार होतो.

भास्कराचार्य आणि दुसरे मूळ : भास्कराचार्य (१११४–८५) यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या सिद्धांतशिरोमणि या ग्रंथाचे लीलावतीबीजगणित हे भाग होत. आपले गाव विज्जडविड सह्याद्रीच्या परिसरात असल्याचे ते सांगतात. त्या गावाच्या स्थानाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळील पाटण येथे त्यांचे नातू चांगदेव यांनी भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापिल्याचा १२०७ चा शिलालेख असून त्याचा अखेरचा भाग मराठीत आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला.

बीजगणितात अज्ञातास ‘यावत्तावत्’ म्हणतात. त्याच्या वर्गासाठी ‘याव’, त्याच्यासाठी ‘या’ व ज्ञात संख्येसाठी ‘रू’ (रूप) ही आद्याक्षरे वापरून समीकरणाच्या दोन बाजू एकाखाली एक मांडीत आणि ऋण संख्येच्या डोक्यावर बिंदू देत. भुंग्यांचे प्रसिद्ध उदाहरण घेऊ. थव्याच्या अर्ध्याचे वर्गमूळ मालतीकडे गेले, थव्याचे ८/९ तिकडेच गेले आणि एक जोडपे उरले. थवा २क्ष² मानल्यास अर्ध्याचे मूळ क्ष होते व २क्ष² − ९क्ष = १८ हे समीकरण मिळते. श्रीधरांच्या नियमाने ८ ने गुणून ८१ मिळविले की, (४क्ष − ९)² = २२५ होते; म्हणून ४क्ष − ९ = १५, क्ष = ६ व भुंगे ७२. थवा २क्ष² कल्पिण्यातच खरी खुबी आहे. पुढचे काम नियम करतो.

धन संख्येस धन व ऋण अशी दोन वर्गमुळे असतात, हे भास्कराचार्यांनी सांगितले आहे. मग वरील उदाहरणात १५ च्या जागी −१५ का घेऊ नये? घेतल्यास क्ष = −३/२ व भुंगे साडेचार येतात. अशा ठिकाणांसाठी त्यांनी कसोटी दिली आहे : ज्ञात बाजूचे मूळ अव्यक्त बाजूच्या मुळातील ऋण रूपापेक्षा लहान असेल, तरच ते धन व ऋण असे दोन्ही घेऊन दोन उत्तरे काढावीत, आणि तीही क्वचित. येथे १५ हे ९ पेक्षा मोठे असल्याने एकच उत्तर राहते. ही कसोटी म्हणजे दोन्ही मुळे धन असण्याची अटच होय.

ती कसोटी पुरेशी नाही, हे मात्र त्यांनीच वानरांच्या दोन उदाहरणांनी दाखविले. पहिल्यात कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग इतके वानर रानात खेळत आहेत व १२ टेकडीवर आहेत. उत्तरे ४८ व १६. पडताळा घेतल्यास ३६ + १२ आणि ४ + १२ असा दोन्हींचा मेळ बसतो व दोन्ही त्यांनी ग्राह्य मानली आहेत. दुसऱ्यात कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून आलेल्या संख्येचा वर्ग इतके वानर गुहेत गेले असून एक फांदीवर दिसतो. समीकरण क्ष² − ५५क्ष = −२५० असे होऊन क्ष = ५० किंवा ५ येतो. वरील कसोटीस दोन्ही उत्तरे उतरतात आणि बीजगणिताच्या दृष्टीनेही दोन्ही बिनचूक आहेत, कारण ५ चा पाचवा भाग १, त्यातून ३ गेल्यास −२, त्याचा वर्ग ४ व एक मिळून ५. तरीही दुसरे उत्तर त्यांनी नाकारले. पाचव्या भागातून तीन वजाच जात नाहीत. हाती येणारी प्रत्यक्ष संख्या ऋण झाली, तर लोकांना तिची प्रतीती येत नाही, हे त्यांनी दिलेले कारण. बारा अंगुळांच्या शंकूच्या छायेच्या उदाहरणातही तसेच घडते. छायेतून कर्णाचा तिसरा भाग वजा केल्यास १४ उरतात, तर छाया किती? उत्तरे ४५/२ व ९ अशी येतात; परंतु ९ मधून काही वजा करून १४ उरणे शक्य नाही, म्हणून दुसरे त्याज्य.

या नकारास भास्कराचार्यांची मर्यादा समजण्याचा प्रघात आहे. तो सर्वस्वी न्याय्य वाटत नाही. ऋण संख्यांचे नियम त्यांना उत्तम अवगत होते व कृतीच्या मधल्या पायऱ्यांत ते त्या बेधडक वापरतात. समीकरणाने दिलेले उत्तर आणि मूळ प्रश्नाचे उत्तर या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्यांनी ओळखले होते. दोन्ही उत्तरे नियमाने येतात असे सांगून न थांबता त्यांनी प्रत्येक उत्तर प्रश्नात घालून पाहिले. शंकूच्या उदाहरणाचे दुसरे उत्तर तर मुळी धनच आहे. ते टाकावे लागते, कारण समीकरण करताना दोन्ही बाजूंचा वर्ग केला जातो व त्यात वजाचे चिन्ह लोपते. आज विद्यार्थ्यास शिकविला जाणारा उपरे मूळ वगळण्याचा नियम हाच आहे.

ऋण संख्येची प्रतीती कशी आणून द्यावी, याचे उत्तर याच परंपरेतील एका टीकाकाराने सुचविले. विदर्भातील दधिग्रामाहून काशीस गेलेल्या घराण्यातील कृष्ण दैवज्ञ यांनी इ. स. १६०० च्या सुमारास बीजगणितावर बीजपल्लव ही टीका लिहिली. ऋणत्व स्थळ, काळ व वस्तू या तिन्हींच्या संदर्भात असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. पूर्व दिशेस धन मानले, तर पश्चिमेकडील अंतर ऋण होते. कर्जाच्या उपमेहून ही कल्पना अधिक दूरवर नेणारी होती.

अरबी गणित : बगदादमधील अल्-ख्वारिझ्मी (सु. ७८०–८५०) यांनी खलीफा अल्-मामून यांच्या काळात लिहिलेल्या ग्रंथाच्या नावातील ‘अल्-जब्र’ या शब्दावरून यूरोपीय भाषांतील बीजगणिताचे नाव आले. जब्र म्हणजे वजा असलेले पद दुसऱ्या बाजूस नेऊन उणीव भरून काढणे. सर्व पदे अशा प्रकारे धन करावयाची, हा आग्रह असल्याने त्यांना समीकरणांचे सहा वेगळे प्रकार करावे लागले व प्रत्येकास वेगळा नियम द्यावा लागला. ब्रह्मगुप्तांचा एकच नियम येथे विभागला गेला. उलटपक्षी भारतीय ग्रंथांत न आढळणारी एक गोष्ट येथे आहे, ती म्हणजे नियमालगत दिलेली आकृतीसह सिद्धता. क्ष² + १०क्ष = ३९ या समीकरणासाठी चौरसाच्या कडांस पट्ट्या लावून, कोपऱ्यात २५ भरून ६४ चा चौरस करावयाचा; बाजू ८, त्यातून ५ वजा जाता ३ राहतात. क्ष² + २१ = १०क्ष याची ७ व ३ ही दोन्ही उत्तरे त्यांनी दिली आहेत. पहिल्या समीकरणाचे −१३ हे दुसरे मूळ मात्र त्यांच्या पद्धतीत संभवतच नव्हते. पुढे अबू कामिल यांनी करणीगत (अपरिमेय) मुळे निःसंकोच वापरली.

यूरोप : अल्-ख्वारिझ्मींच्या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर ११४५ मध्ये झाले व प्रकारवार नियमांची पद्धती यूरोपात चार शतके टिकली. जर्मन गणिती मिखाएल श्टीफेल यांनी १५४४ मध्ये ते सर्व नियम एकात गोवले, तरी ऋण मुळे त्यांनी गाळली. पुढच्याच वर्षी जेरोलामो कार्दानो यांचा आर्स माग्ना हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. (त्याच १५४५ साली कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी लीलावतीवरील बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली, दोघांना एकमेकांची वार्ता असण्याचे कारण नव्हते.) १० चे असे दोन भाग करा की, त्यांचा गुणाकार ४० यावा, असे उदाहरण कार्दानो यांनी घातले. उत्तरे ५ + √−१५ व ५ − √−१५ अशी येतात. मनाला होणारा क्लेश बाजूस ठेवून गुणाकार केल्यास तो २५ + १५ = ४० येतो, हे त्यांनी दाखविले; आणि ही गोष्ट जितकी सूक्ष्म तितकीच निरुपयोगी आहे, असा शेरा मारून ते पुढे गेले.

केवळ वर्गसमीकरणांसाठी ऋण संख्येची वर्गमुळे कोणी पत्करली नसती, कारण तेथे ‘उत्तर नाही’ एवढे म्हटल्याने भागत होते. घनसमीकरणांनी तो मार्ग बंद केला. क्ष³ = १५क्ष + ४ याचे ४ हे उत्तर उघड आहे; परंतु सूत्राने त्याकडे जाताना वाटेत √−१२१ लागते. राफाएल बोम्बेल्ली यांनी १५७२ मध्ये अशा राशींच्या गुणाकाराचे नियम ठरवून ते ४ मिळवून दाखविले. फ्रांस्वा व्ह्येत यांनी १५९१ मध्ये ज्ञात राशींसाठीही अक्षरे योजली आणि त्यामुळे वर्गसमीकरणाचे ‘सूत्र’ लिहिणे प्रथमच शक्य झाले. तोपर्यंत होते ते शब्दांतील नियम व सोडविलेली उदाहरणे. आल्बेर झीरार यांनी १६२९ मध्ये ऋण व अशक्य वाटणारी मुळेही मोजणीत धरली. रने देकार्त यांनी १६३७ मध्ये मात्र ऋण मुळांना ‘खोटी’ व उरलेल्यांना ‘काल्पनिक’ म्हटले. पहिले विशेषण मागे पडले; दुसरे आजतागायत चिकटून राहिले आहे.

काल्पनिक संख्यांची प्रतीती अखेर दिशेच्या साहाय्यानेच आली. नॉर्वेजियन भूमापक कास्पार व्हेसेल यांनी १७९७ मध्ये वाचलेल्या निबंधात व झां रॉबेर आर्गां यांनी १८०६ मध्ये √−१ म्हणजे मूळ दिशेशी काटकोनात वळणे, असा अर्थ लावला. पूर्व-पश्चिम रेषेवर धन व ऋण दाखविणाऱ्या कृष्ण दैवज्ञांच्या कल्पनेत उत्तर दिशेची भर पडली, असे म्हणता येईल; अर्थात या दोहोंत ऐतिहासिक संबंध नाही. व्हेसेल यांचा निबंध शंभर वर्षे दुर्लक्षित राहिला. कार्ल फ्रीड्रिख गौस यांनी १८३१ मध्ये या संख्यांचा पुरस्कार केल्यावर त्या सर्वमान्य झाल्या आणि प्रत्येक वर्गसमीकरणास दोन मुळे असतात (ती समान असू शकतात), हे विधान निरपवाद ठरले. ब² − ४अक या विवेचकाचे चिन्ह तेव्हापासून मुळे आहेत की नाहीत हे न सांगता ती कोणत्या प्रकारची आहेत, हे सांगते.

नावे व अध्यापन : ब्रह्मगुप्त व भास्कराचार्य यांच्या बीजगणितांचे हेन्री टॉमस कोलब्रुक यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८१७ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले व पाश्चात्त्य अभ्यासकांस या परंपरेचा प्रत्यक्ष परिचय झाला. भारतातील अनेक पाठ्यपुस्तकांत वर्गसमीकरणाच्या सूत्रास श्रीधरांचे नाव देतात. ब्राझीलमधील शाळांत तेच सूत्र ‘भास्कर सूत्र’ म्हणून शिकविले जाते, जरी स्वतः भास्कराचार्यांनी त्याचे श्रेय श्रीधरांना दिले आहे.

अमेरिकेतील गणितज्ञ पो-शेन लो यांनी २०१९ मध्ये सूत्र पाठ न करता वर्गसमीकरण सोडविण्याची एक रीत प्रसृत केली व तिचे धागे बॅबिलोनियन गणितापर्यंत जातात, हेही नमूद केले. भास्कराचार्यांच्या पहिल्या वानरकळपास ती लावल्यास क्ष² − ६४क्ष + ७६८ = ० मध्ये मुळांची बेरीज ६४, म्हणून त्यांची सरासरी ३२; मुळे ३२ + उ व ३२ − उ मानल्यास १०२४ − उ² = ७६८, उ = १६ व मुळे ४८ आणि १६. येल येथील इष्टिकेवर १२ व ५ या संख्या काढताना अर्ध्या फरकाची जी बेरीज-वजाबाकी केलेली आहे, तीच येथे अर्ध्या बेरजेपासून आरंभ करून केली जाते.